जर्मन गाडी आणि ईरण्णाचे कान

गाडीचं जुनं ऑइल पूर्ण निथळायला चांगली वीस मिनिटं लागतात. गाडी वर लिफ्टवर, खाली काळी धार, आणि त्या धारेकडे बघत उभी असलेली माणसं. त्या वीस मिनिटांत माणूस काय करणार? बोलणार! आमच्या वर्कशॉपमधले निम्मे किस्से त्या धारेखाली सांगितले गेले आहेत. उरलेले निम्मे घडत असताना कुणालाच बोलायचं सुचलं नव्हतं. ते आता सांगते.

गोकुळ रोडवर अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वर्कशॉप आहे. तिथं एकाच जर्मन कंपनीच्या गाड्या दुरुस्तीला येतात. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण हुबळीत कुणीच घेत नाही. इथं त्या गाडीला नुसतं 'जर्मन' म्हणतात. "त्यांनी जर्मन घेतली," असं कळलं की मॉडेल विचारायचं नसतं, पेढे मागायचे असतात!

वर्कशॉपमध्ये अप्पा, इलेक्ट्रिकचं काम बघणारा सादिक, आणि हेडमेस्त्री ईरण्णा. ईरण्णा मूळचा जुन्या हुबळीतला, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. मी पाळण्यात होते तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. कुठलीही गाडी तयार झाली की ईरण्णा ती एकदा चालवून आणतो आणि समोरच्या काचेवर खडूनं बरोबरची खूण करतो. ती खूण नसेल तर गाडी गेटबाहेर जात नाही. खुद्द अप्पांची सुद्धा नाही.

*

मी जर्मनीत ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग शिकले. तिथली नोकरी सोडून परत आले. तिकडच्यासारखं चोख काम गोकुळ रोडवर होऊ शकतं, हे मला दाखवायचं होतं. पहिल्याच सोमवारी मी सगळ्यांना स्टुलांवर बसवलं, भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि कंपनीचा इतिहास सुरू केला.

कंपनीच्या मूळपुरुषानं गाडी तर बनवली, पण ती लांब नेऊन बघायचा त्याला धीर होईना. एके दिवशी पहाटे त्याची बायको त्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती गाडी काढून निघाली, थेट माहेरी! वाटेत इंधन संपलं, तर औषधाच्या दुकानातून स्पिरिटसारखं काहीतरी विकत घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले, तर गावातल्या चांभाराकडून त्यावर कातडं ठोकून घेतलं. आणि पोचली!

सांगताना माझा आवाज भरून आला होता. ईरण्णा शांतपणे ऐकत होता.

"आणि तिचा नवरा?"

"तो घरी झोपला होता."

"म्हणजे टेस्ट ड्राइव्ह बाईनं केली," ईरण्णा सादिककडे वळून म्हणाला, "आणि बोर्डावर नाव नवऱ्याचं!"

*

या गाडीचं वेड लोकांना कशामुळे लागतं? इंजिन, सस्पेन्शन, चामड्याच्या सीट्स, हे सगळं नंतर. आधी दार! त्या कंपनीत दाराच्या आवाजावर काम करणारी माणसं आहेत. दार लावलं की 'धप्' असा एकच, जाड, बंद आवाज यायला हवा. त्या एका 'धप्'वर भल्याभल्यांनी चेक फाडलेले आहेत.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. एक धान्याचे व्यापारी जुनी जर्मन घेणार होते. विकणारा म्हणत होता, गाडीला ओरखडासुद्धा पडलेला नाही. व्यापाऱ्यांनी ईरण्णाला सोबत नेलं, मी हट्टानं मागे गेले. ईरण्णानं गाडीला एक चक्कर मारली. बॉनेट उघडलं नाही, खाली वाकला नाही. चारही दारं एकेक करून उघडली आणि डोळे मिटून लावली. धप्. धप्. धप्. धप्.

मला चारही सारखेच वाटले.

"डावीकडचं मागचं दार बदललंय," ईरण्णा म्हणाला. "गाडी ठोकली आहे."

विकणारा भडकला. "अरे, दाराचं काय ऐकतोस? दार काय बोलतं?"

"मालक खोटं बोलतो म्हणतंय!"

रबर ओढून बघितलं, तर आत वेल्डिंगची खूण.

*

मी परत आले त्या वर्षी सोबत एक स्कॅनर आणला. गाडीला वायर जोडली की कुठं काय बिघडलंय ते लॅपटॉपवर दिसतं. माझा जीव होता त्यात.

आयुधपूजेला आमच्याकडे सगळी हत्यारं मांडून पूजा होते आणि त्या दिवशी कुणी पान्यालासुद्धा हात लावत नाही. अप्पांनी कौतुकानं माझा लॅपटॉप पान्यांच्या मधोमध पाटावर ठेवला. हळद, कुंकू, झेंडूची माळ. मग नारळ फोडला आणि पहिलं पाणी नव्या आयुधावर शिंपडलं. सढळ हातानं!

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला, तर पडदा काळा. आणि समोर एक जर्मन उभी, इंजिन थडथडतंय, गिऱ्हाइकाला दुपारी बेंगळूरला निघायचंय. 

"बाजूला हो, अक्का," ईरण्णा म्हणाला. त्यानं इंजिनवर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हातानं एकेका सिलिंडरचा प्लग काढून लावून बघितला. पहिला, दुसरा, तिसरा. तिसरा काढला तरी थडथड बदलली नाही. "हा मेलाय." कॉइल बदलली, गाडी वेळेवर गेली.

अप्पा म्हणाले, "बघ! तुझ्या मशीनपेक्षा ईरण्णाचे कान बरे."

मी हसले नाही. कारण तो तळवा ठेवून उभा होता तेव्हा मागे सादिकनं ग्राइंडर सुरू केला होता. ईरण्णा ऐकत असताना कुणी साधं शिंकलं तरी तो पाना फेकून मारायचा, हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्या दिवशी ग्राइंडर किंचाळत होता, ठिणग्या उडत होत्या, आणि ईरण्णाची पापणीही हलली नाही!

*

मग मला तिकडची एक पद्धत आठवली. तिकडं कामगारांचे कान ठरावीक काळानं तपासतात. इकडं का नको? मी अप्पांच्या मागे लागले, कान तपासणाऱ्या एका बाईंना वर्कशॉपमध्ये बोलावलं. ऑफिसात मशीन मांडलं. हेडफोन घालायचे, बारीक 'पीं' ऐकू आलं की बोट वर करायचं. बाई पाठीमागे बसून बटण दाबणार.

पहिला सादिक. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा. बाईंनी मान हलवली. "ग्राइंडरवर कानात बोळे घालत जा."

मग ईरण्णा. प्रत्येक 'पीं'ला बोट वर, एकदाही चूक नाही! बाई थक्क झाल्या. "अप्पा, कान काय सुरेख आहेत हो यांचे! विशीतल्या पोरासारखे!"

बाहेर टाळ्या पडल्या. मी दारात उभी होते. ईरण्णाच्या समोर काचेचं कपाट होतं, आणि त्या काचेत बाईंचं बटण दाबणारं बोट स्वच्छ दिसत होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अण्णा, मी काचेत बघितलं."

माझ्या ओठांवरची नजर काढून तो हात पुसायला लागला.

"अक्का, तिकडं जर्मनीत माणसाचं कान, डोळं गेलं की काय करतात?"

"पेन्शन देतात."

"इकडं खडू काढून घेतात," ईरण्णा म्हणाला.

*

मी अप्पांना सांगितलं नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरात 'सुरक्षितता प्रथम' मीच लिहिलं होतं, आणि मीच गप्प बसले! त्याऐवजी ईरण्णा चालवून आला की मी काहीतरी निमित्त काढून तीच गाडी पुन्हा चालवायची. कधी एसी बघते म्हणून, कधी पेट्रोल भरून आणते म्हणून. एसीवर माझा फार जीव आहे, असा सगळ्यांचा समज झाला. बऱ्याचदा मी त्याच्या शेजारीच बसून जायची.

एकदा भरदुपारी गोकुळ रोडवर तो मधोमध चालवत होता. मागून ट्रक आला. हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग हात हॉर्नवरून काढलाच नाही! आरशात नुसतं ट्रकचं तोंड दिसत होतं आणि ईरण्णा निवांत. 'ट्रक' म्हणावं, तर त्याचा अपमान. न म्हणावं, तर दोघं खलास.

मी त्याच्या नजरेसमोर हात नाचवला. "अण्णा, उजवीकडं म्हैस! डावीकडं घ्या!"

त्यानं झटकन डावीकडं घेतली. ट्रक घासून पुढं गेला. ड्रायव्हरनं कन्नडमध्ये आमच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

ईरण्णा ट्रककडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"म्हैस केवढी होती, अक्का?"

"दहा चाकी," मी म्हटलं.



*

आता हा शेवटचा.

विद्यानगरचे एक डॉक्टर आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या जर्मनला वेग घेतला की कुठूनसा घुमल्यासारखा आवाज यायचा. दोघं नवराबायको कारवारला निघाले होते, म्हणजे वाटेत घाट. गाडी आदल्या दिवशी आमच्याकडे टाकली. सादिकनं टायर बदलले, चाकं बॅलन्स केली, आणि सकाळी ईरण्णा चालवून आला. त्या वेळी मी आत स्पेअर पार्टवाल्याशी फोनवर भांडत होते. बाहेर आले तोवर काचेवर खडूची खूण झाली होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या, डॉक्टर स्टिअरिंगवर बसले होते. एसीचं निमित्त काढायलाही वेळ नव्हता.

डॉक्टरांच्या बायकोनं शेजारच्या सीटवर बसता बसता ईरण्णाकडे बघून विचारलं, "आवाज गेला ना नक्की, अण्णा? घाट उतरायचाय."

ईरण्णानं होकारार्थी मान हलवली. दार लागलं. गाडी गेटकडे निघाली.

मी ओरडणार होते. खरंच ओरडणार होते. पण त्याआधी ईरण्णा धावला! या वयात, चपला टाकून, हात पसरून थेट गाडीसमोर. डॉक्टरांनी कचकन ब्रेक दाबला. बंपर त्याच्या गुडघ्यापासून वीतभर.

अप्पा ऑफिसातून बाहेर आले. सादिकच्या हातातला पाना खाली पडला.

डॉक्टरांनी काच खाली केली. "काय झालं, अण्णा?"

"साहेब, मला आवाज ऐकू आला नाही."

"मग बरंच झालं की!"

"बरं नाही, साहेब. मला कुठलाच येत नाही."

 ईरण्णानं बाहीनं काचेवरची खूण पुसली, पांढरा पट्टा उमटेपर्यंत. खिशातला खडू काढून बॉनेटवर ठेवला. मग अप्पांकडे बघितलं.  अप्पांनी तो खडू उचलला, हातात फिरवला, आणि ईरण्णाच्या खिशात परत टाकला.

"आधी आवाज शोध," अप्पा म्हणाले. "खडूचं नंतर बघू."

ईरण्णानं खिसा चाचपला. मग डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, तुम्ही दोघं मागं बसा. अक्का, तू चालव. तू ऐक, काय ऐकायचं ते मी सांगतो."

तर आम्ही चौघं निघालो. मी स्टिअरिंगवर, ईरण्णा शेजारी, मागे डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस. गोकुळ रोडवर जरा मोकळं मिळालं तशी मी गाडी पळवली. आवाज आला.

"आला!" मी म्हटलं.

"कसा?"

"घुमल्यासारखा."

"असं नको. तोंडानं करून दाखव."

मी जर्मनीत डिग्री घेतलेली इंजिनिअर! मी "घूंऽऽ" केलं.

"उजवीकडं वळव. आता?"

"वाढला!"

"करून दाखव."

"घूंऽऽऽ!" सिग्नलला थांबलेला एक स्कूटरवाला काचेतून बघत होता. मी आणखी जोरात केलं, बेंबीच्या देठापासून. "घूंऽऽऽऽ!"

"ओरडू नको, अक्का," ईरण्णा माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला. "ओरडून मला काय उपयोग? ओठ नीट हलव."

तेवढ्यात डॉक्टरांच्या मिसेस दोन सीट्सच्या मधून पुढं वाकल्या. "तिला नाही जमायचं. महिनाभर मी या आवाजाशेजारी बसतेय." त्यांनी पदर सावरला, ईरण्णाच्या नजरेत नजर घातली, गाल फुगवले आणि सुरू केलं, "घुर्रर्र-हूं, घुर्रर्र-हूं, घुर्रर्र-हूं..."

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

ईरण्णा त्यांच्या ओठांकडे बघत राहिला, अगदी श्वास रोखून. मग डॅशबोर्डवर थाप मारली.

"हं! आत्ता ऐकू आलं! डावं पुढचं बेअरिंग!"