आईचा रिपोर्ट नॉर्मल होता

'नॉर्मल' हा शब्द कुणी डॉक्टरी थाटात उच्चारला की आजही माझं डोकं फिरतं. माझ्या आईला आम्ही सगळ्यांनी अठरा वर्षं आळशी ठरवलं होतं, आणि त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत लातूरच्या दोन डॉक्टरांनी त्यावर या शब्दाचा शिक्का मारून दिला.

मी अकरावीला लातूरला गेले तेव्हा आई माझ्यासोबत आली. वडील निलंग्याला शिक्षक, ते तिकडेच राहिले. तेव्हा ही रीतच पडली होती. पोरीला क्लास लावायचा, क्लासजवळ एक खोली भाड्याने घ्यायची आणि आईने आपला संसार सोडून तिथे तिला रांधून घालायचं. आमच्या गल्लीत अशा दहा-बारा आया होत्या. त्या पहाटे पोरांना उठवायच्या, माझ्या आईला मी उठवायचे. लातूरच्या मे महिन्यात ती शाल पांघरून बसायची. चेहरा सुजल्यासारखा, भुवया निम्म्या झडलेल्या. एक चपाती लाटायला इतका वेळ लावायची की हातातलं लाटणं ओढून घ्यावंसं वाटायचं. एकदा मी ते ओढून घेतलंच.

"बाकीच्यांच्या आया बघ जरा! तू इथं झोपायला आलीस का?"

"अंगात जीवच न्हाई गं," ती म्हणाली. त्याचाही मला राग आला.

घरमालकीण म्हणाली, थायरॉइड असेल, तपासून घ्या. गेलो. तिथे गर्दी एवढी की डॉक्टर चार-चार पेशंट एकदम आत घ्यायचे. क्लासची बॅच बसावी तसे सगळे एका बाकावर, आणि ज्याचा नंबर येईल त्याने बसल्या जागेवरून आपलं दुखणं सांगायचं. आईच्या शेजारी तीन अनोळखी पुरुष होते. ती म्हणाली, थंडी वाजते, झोप येते. डॉक्टरांनी वर न बघता टीएसएच, म्हणजे थायरॉइडसाठीची रक्ततपासणी, लिहून दिली. दुसऱ्या दिवशी रिपोर्टवर नजर टाकली आणि म्हणाले, "नॉर्मल आहे. चालायला जा, वजन कमी करा. मुलीच्या अभ्यासाचं टेन्शन घेऊ नका."

"आमच्या घरी बी हेच हाय साहेब," बाकावरचा एकजण म्हणाला आणि सगळे हसले. आईने पदर सावरला आणि तीही कसनुसं हसली. मी हसले नाही, पण मला बरं वाटलं होतं, हे मी लपवणार नाही. माझं म्हणणं आता कागदावर आलं होतं.

बारावीला दुसरे डॉक्टर, तसाच बाक, तोच आकडा. दोघांपैकी एकानेही तिला पाळीबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्या बाकावर ती काय डोंबल सांगणार होती?

बारावीनंतर मला नांदेडला फार्मसीला प्रवेश मिळाला. आई सोडायला आली आणि बसस्टँडवर उतरता उतरता चक्कर येऊन पडली. जवळच एका वयस्क डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांनी आईला आत नेलं, माझ्याशिवाय कुणालाच येऊ दिलं नाही, दार लावलं. मी लगेच पर्समधले दोन्ही रिपोर्ट काढले आणि म्हणाले, थायरॉइड नॉर्मल आहे तिचं. त्यांनी ते बाजूला ठेवले. आईच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?"

"लई गेलं," आई म्हणाली. "हिच्या येळंला. भूकंप होऊन आठ दिवस झालते, समदे शेतात ताडपत्रीखाली. गाड्या समद्या पडलेल्या गावांकडं गेलत्या. तीन लुगडी भिजली."

"दूध आलं?"

"थेंब न्हाई. हिला शेळीच्या दुधावर वाढवली."

"पाळी?"

"त्याच्यानंतर न्हाईच आली."

"अठरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही?"

"समद्यांना ठावं होतं की. भूकंपाचा धसका हाय म्हणले."

खरंच, आमच्याकडे तेव्हा सगळ्याला धसका हे एकच कारण होतं. म्हैस आटली तरी धसका. बाईचं दूध आटलं तर कोण कशाला डॉक्टर शोधतोय!

बाईंनी मला समजावून सांगितलं. टीएसएच म्हणजे थायरॉइडने केलेलं काम नव्हे, तो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम. थायरॉइड कमी पडलं की हुकूम वाढतो, आकडा चढतो. पण बाळंतपणात एवढं रक्त गेलं की हुकूम सोडणारी ग्रंथीच सुकून जाऊ शकते. मग आकडा चढणार कसा? तो नॉर्मलच दिसतो. अशा वेळी थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन, टीफोर, सोबत बघावा लागतो. दुसऱ्या दिवशी त्याचा रिपोर्ट आला, तर तो पार तळाला गेलेला. त्याच ग्रंथीच्या हुकमावर चालणारं दुसरं हार्मोन, कॉर्टिसॉल, तेही तसंच. ते कमी असताना थायरॉइडचं औषध दिलं तर जिवावर बेततं, म्हणून आधी त्याच्या गोळ्या, आणि मग थायरॉइडच्या.

मला हे सगळं येत होतं! टीएसएच कोणती ग्रंथी सोडते, यावर मी लातूरला शंभर वेळा गोल काळा केला होता. खाली बसून हा प्रश्न सोडवायचे आणि मागे आई शाल गुंडाळून पडलेली असायची. त्या दोन डॉक्टरांना मी आजही शिव्या घालते, पण त्या प्रश्नाचे पूर्ण मार्क तर मीही घेत होते.

बाई औषधं लिहीत होत्या. आई पुढे सरकली.

"बाई, मी आळशी न्हाई, आजारी हाय, एवढं मराठीत लिहून देता का?"

बाईंनी पेन थांबवलं. "देते की. कुणाला दाखवायचंय? सासरी?"

"सासूबाई गेल्या कवाच," आई म्हणाली. "हिला द्या."