दोन कार्डांचा लॅपटॉप

माझ्या मुलीच्या लॅपटॉपला दोन चार्जर आहेत. याला सर्वस्वी जबाबदार मी आहे.

मी आगरदांडा ते दिघी या फेरीच्या लाँचवर तांडेल. तीस वर्षं सुकाणू हातात असल्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र मला कळतं, असा माझा समज होता. तेवढ्यात केतकीने, म्हणजे आमच्या मुलीने, पुण्याच्या गेम बनवायच्या कोर्सला अर्ज केला. प्रवेशासाठी स्वतः बनवलेला छोटा गेम रविवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा होता. (एका खेकड्याला पर्यटकांच्या पायांतून वाचवत त्याच्या बिळात पोचवायचं. खेकडा झकास होता, चालायचा थेट आमच्या इंजिनवाल्या रफीकभाईंसारखा!) पण घरातल्या जुन्या लॅपटॉपवर तो खेकडा जागचा हलेना.

नवीन लॅपटॉप आणायचं ठरलं. केतकीचं कॉलेजात प्रॅक्टिकल होतं, म्हणून अलिबागला मी एकटाच निघालो. तिने चिठ्ठी दिली: "ग्राफिक्स कार्ड एकच, पण नवीन."

"कसलं कार्ड?" आमच्या सौभाग्यवती सुनंदाने विचारलं. "पिवळं का केशरी?"

"आई, रेशनचं न्हाय गं! चित्रं हलवायचं कार्ड!"

"मग त्याला पण तहसीलला खेपा घालायच्या का?"

मी जाणकारासारखा हसलो. मलाही हाच प्रश्न पडला होता.

दुकानातल्या पोराने दोन लॅपटॉप पुढ्यात मांडले. एक वहीएवढा, एक पाट्याएवढा.

"हा नवीन, काका. सिंगल कार्ड. आणि हा जुना मॉडेल, शिल्लक राहिलेला पीस. ड्युअल. म्हणजे दोन कार्डं."

दोन! इथे माझं डोकं फिरलं. आमच्या लाँचला पूर्वी एकच इंजिन होतं. एकदा भर खाडीत ते बंद पडलं, आणि आत अख्खं वऱ्हाड! नवरदेव मुंडावळ्यांसकट समुद्राकडे वाहत निघाला. दोन तासांनी दुसऱ्या लाँचने ओढून आणलं, तोवर नवरदेवाच्या मामाने मला दिलेल्या शिव्या आजही तोंडपाठ आहेत. तेव्हापासून आमच्या लाँचला दोन इंजिनं आहेत आणि माझा एकावर विश्वास नाही.

"म्हणजे एक बंद पडलं तर दुसऱ्यावर किनाऱ्याला येता येतं?" मी विचारलं.

"तसं नसतं काका. दोन्ही मिळून काम करतात. पण सगळ्याच प्रोग्रॅमना ते जमत नाही, त्यापेक्षा नवीन एकच..."

"कळलं, कळलं," मी म्हणालो. (काहीही कळलं नव्हतं.) "तो पाट्याएवढा बांध."

"काका, हा पीस परत घेणार नाही हां."

"परत कोण देतंय?"

घरी केतकीने खोका उघडला आणि मटकन खाली बसली. "बाबा, याला दोन चार्जर का आहेत?"

"दोन इंजिनं म्हटल्यावर दोन टाक्या नकोत?"

लॅपटॉप सुरू केल्यावर असा आवाज झाला की शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या. त्यांना वाटलं, आमच्याकडे खोबरं वाटायला घेतलंय! खेकडा मात्र दोन पावलं चालायचा आणि थांबायचा.

"माझा प्रोग्रॅम एकच कार्ड वापरतोय," केतकी रडवेली झाली.

"मग दुसरं काय करतंय?"

"काही नाही. नुसतं गरम होत बसलंय."

"तिकीट न काढता?" मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

रविवार उजाडला. गेम पक्का करून बाहेर काढायला दोन तास लागणार होते. दुपारी दोनला केतकीने सुरुवात केली आणि अडीचला मी, मदत म्हणून, सगळ्यांपासून दूर राहून वाडीला पाणी लावलं. पंप सुरू झाला, दोन चार्जर आधीच ओढत होते, फाटकन घरातली वीज गेली! लॅपटॉपची शिळी बॅटरी मिनिटभरात आटोपली.

"बाबाऽऽ!"

पंप बंद करून मी फ्यूज बसवला. पुन्हा पहिल्यापासून. आता लॅपटॉप एवढा तापला की त्यावर हात ठेववेना. माझी चूक मलाच निस्तरायची होती. मी फ्रीजरमधली बांगड्यांची पिशवी काढली, ताटात ठेवली आणि वर लॅपटॉप ठेवला. मासा टिकवायला बर्फ लागतो, तर बर्फ झालेला मासा लॅपटॉप टिकवणार नाही?

पाच मिनिटांत मांजर आलं. त्याने पिशवीत तोंड घातलं, मी "हाड!" म्हणून धावलो, त्याचा पाय वायरीत अडकला आणि एक चार्जर खाडकन निघाला. मी डोळेच मिटले. पोरीचं वर्ष गेलं, तेही बांगड्यापायी!

पण लॅपटॉप बंद झाला नाही. केतकी ताडकन उठली. "एका चार्जरवर चालतोय! मग ते दुसरं कार्डच डिसेबल करते, म्हणजे बंदच करून टाकते!"

तिने काहीतरी खटखट केली. पंख्यांचा आवाज उतरला, लॅपटॉप निवला आणि खेकडा सुसाट पळायला लागला. पाचला चार मिनिटं कमी असताना गेम पुण्याला गेला. केतकी माझ्या गळ्यात पडली. मला रडूच आलं. (बांगड्याचा वास होता, पण रडू खरं होतं.)

दुसऱ्या दिवशी मी सगळं रफीकभाईंना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तांडेल, आपन तरी दोन्ही इंजिनं कवा चालवतो? डिझेल वाचवायला येक बंदच असतं की!"

एवढी वर्षं मी त्याच लाँचवर उभा आहे.

केतकीला प्रवेश मिळाला, ती पुण्याला गेली. परवा सुनंदाचा मिक्सर बिघडला. मी पाना घेऊन पुढे झालो. "हे बघ, यात खरं म्हंजे कसं हाय..."

सुनंदाने मान वर न करता पुण्याला फोन लावला. "केतके, त्या बिनकामाच्या कार्डाला तू काय केलंस म्हणालीस गं?"

"डिसेबल, आई!"

सुनंदाने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पाना खाली ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन गरम होत बसलो.