आठ वर्षांची आणि बारा वर्षांची

अंधेरीला आंबोलीच्या गावठाणात परेरांचं घर होतं. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे पडवी आणि पडवीला लागून विहीर. आई गेल्यावर त्या घरात रोझमेरी परेरा एकटी राहू लागली. तेव्हा ती पस्तिशीची होती. त्याआधी उत्तनचं एक स्थळ आलं होतं. मुलगा तिला आवडलाही होता, पण आई अंथरुणाला खिळलेली. मुलाकडचे दोन वर्षं थांबले, मग त्यांनी दुसरीकडे जमवलं. रोझमेरीनं त्याबद्दल कधी कुणाकडे तक्रार केली नाही. अंधेरीतल्याच एका औषध कंपनीत ती बाटल्या भरण्याच्या खात्यात लागली आणि पुढे तिथली सुपरवायझर झाली.

तिला एकच भाऊ, लुईस. तिच्याहून लहान. तो बोटीवर स्टुअर्ड होता आणि त्याची बोट पार ग्लासगोपर्यंत जायची. वर्षातून एकदा, बहुतेक नाताळच्या सुमारास, तो महिनाभर घरी यायचा. गावठाणात त्याची वाट सगळेच बघायचे, कारण लुईस आला की ओटीवर हसणं-खिदळणं सुरू. तो गेला की रोझमेरीला घर पुन्हा लहान करून घ्यावं लागे. पुढची खोली बंद, मागच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची.

एकसष्ट साली लुईसनं व्हिस्कीची एक बाटली आणली. बाटलीवर बगळ्याचं चित्र होतं आणि 'ग्लेन कोराख' असं नाव. त्यातला 'ख' घशातून खाकरल्यासारखा काढायचा, असं त्यानं शिकवलं. ग्लासगोहून आगगाडीनं तो ही डिस्टिलरी बघायला गेला होता. तिथल्या कोठीवरच्या म्हाताऱ्याशी त्याची दोस्ती जमली होती.

"रोझी, ही आठ वर्षांची आहे. आठ वर्षं लाकडी पिंपात नुसती पडून होती."

"मग? पडून राहिल्यानं काय होतं?"

"तेच तर बघायचंय. पुढच्या वर्षी बारा वर्षांची आणतो. तेच पाणी, तेच जव, तीच भट्टी. फरक फक्त पिंपाचा आणि वर्षांचा."

दारूबंदीचे दिवस होते. लुईसनं छातीत दुखतं असं सांगून तब्येतीच्या कारणावर परमिट काढलं होतं. इतका ठणठणीत हृदयरोगी मुंबईत दुसरा नसेल. रोझमेरीकडे परमिट नव्हतं. त्यात बाईमाणूस, एकटी राहणारी. लग्नात घोटभर खिमड, मसाल्याची गरम दारू, घेतली तर कुणी काही म्हणत नसे, पण व्हिस्की म्हणजे वेगळंच. म्हणून रविवारी चर्चमधली मिस्सा आणि जेवण झालं की दोघं मागच्या पडवीत बसायची, आणि विहिरीच्या बाजूला आडोशासाठी चादर वाळत टाकलेली असायची.

लुईसनं तोंडाशी निमुळते होत जाणारे दोन छोटे ग्लास आणले होते. आधी नुसता वास घ्यायचा, तोंड थोडं उघडं ठेवून. मग चमच्यानं दोन थेंब पाणी. मग पुन्हा वास. पिणं सगळ्यात शेवटी.

"काय येतंय?" तो विचारायचा.

पहिल्या वर्षी रोझमेरी म्हणाली, "टिंक्चर." लुईस हसून हसून बेजार झाला. मग तिनं पुन्हा नाक लावलं, डोळे मिटले आणि हळूहळू म्हणाली, "कापलेलं गवत. आणि पेरूची साल, हिरव्या पेरूची. आणि मागे कुठेतरी ओल्या गोवऱ्यांचा धूर."

लुईस हसायचा थांबला. त्यालाही तेच येत होतं, फक्त त्याला शब्द सापडले नव्हते.

पुढच्या वर्षी बारा वर्षांची आली. पण आठ वर्षांची संपून गेली होती, मग तुलना कशाशी करणार? त्यावर रोझमेरीनं उपाय काढला. कंपनीतून टाकाऊ ठरलेल्या औषधाच्या छोट्या बाटल्या तिनं मागून आणल्या. दर बाटलीतली शेवटची दोन बोटं व्हिस्की ती त्यात गळ्यापर्यंत भरायची, बूच घट्ट बसवायची आणि वरून मेणबत्तीचं मेण ओतायची. वर चिठ्ठी. कपाटात आईच्या साड्यांमागे त्या बाटल्यांची रांग उभी राहू लागली. मग लुईसनं आठ वर्षांची पुन्हा आणली तेव्हा ती आणि बारा वर्षांची शेजारी शेजारी ठेवून दोघं तासन् तास बसायची. बारा वर्षांचीमध्ये तिला मध यायचा आणि जुन्या कपाटाचं लाकूड. एका वर्षी लुईसनं स्पेनच्या वाइनच्या पिंपात ठेवलेली आणली. ती गडद, तांबूस. "नाताळच्या केकसाठी मनुका भिजवून ठेवतो ना आपण," रोझमेरी म्हणाली, "त्या बरणीचं झाकण उघडल्यासारखं." लुईस म्हणायचा, "नाही, आलुबुखार," आणि मग दोघांची खरीखुरी भांडणं व्हायची. ती भांडणं तिला वर्षभर पुरायची.

एकोणसत्तरच्या नाताळनंतर लुईस गेला तो आला नाही.

बोटीच्या जिन्यावरून तो पडला, डोक्याला मार लागला, ग्लासगोच्या इस्पितळात ठेवलंय, एवढं कंपनीकडून कळलं. मग त्याचंच कार्ड आलं की बरा आहे, काळजी करू नकोस. पुढे कळलं की बोटीवरची नोकरी सोडून तो तिथेच एका वसतिगृहात कामाला लागला. दर नाताळला कार्ड यायचं. 'पुढच्या वर्षी नक्की' असं त्यात असायचं. बाटली नाही, लुईस नाही.

तो न आलेल्या पहिल्या वर्षी रोझमेरीनं दोन ग्लास काढले. मग एक परत ठेवला आणि दुसऱ्यात कपाटातली आठ वर्षांची ओतली. वास घेतला. या वेळी तिला त्यात काहीतरी नवीन आलं, अगदी पुसटसं, दगडी पाट्यावर वाटलेल्या सुक्या खोबऱ्यासारखं. ती मोठ्यानं म्हणाली, "लुईस, खोबरं." विहिरीवर कावळा बसला होता, तो उडाला.

एकदा तिनं शेजारच्या बेटीला बोलावलं. बेटी तिची लहानपणची मैत्रीण, चार मुलांची आई. बेटीनं एका घोटात ग्लास संपवला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"डेटॉल आहे का गं हे? आणि तू हे एकटी बसून पितेस? वेडी झालीस काय?"

"पीत नाही गं. वास घेते."

"त्यापेक्षा लग्न करायचं होतंस," बेटी म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिनं रोझमेरीचा हात धरला. रोझमेरी हसली. पण त्यानंतर तिनं कुणाला बोलावलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत लुईस परत आला, कायमचा. केस पांढरे झाले होते. एका कानामागे लांब व्रण होता. सामानात 'ग्लेन कोराख'ची एक बाटली होती, बारा वर्षांची. त्यानं ती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हे घे. तुझी." पूर्वी तो 'आपली' म्हणायचा.

रोझमेरीनं पुढची खोली उघडली, झाडली, पडदे धुतले. सकाळी कुणासाठी तरी चहा टाकायचा, एवढ्यानंच तिला बरं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी ती दूध चुलीवर ठेवून विहिरीवर गेली. परत आली तर अंगणातच करपल्याचा वास नाकात शिरला. दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं होतं, स्वयंपाकघर धुरकटलं होतं. आणि लुईस तिथेच दोन हातांवर, पाठ फिरवून, पेपर वाचत बसला होता.

"लुईस! दूध!"

त्यानं दचकून मागे पाहिलं. "अरेच्चा! लक्षच नव्हतं गं माझं, बातमी वाचत होतो."

त्यानंतर ती बघत राहिली. सुकट भाजली तरी तो पूर्वीसारखा चुलीपाशी येऊन उभा राहत नसे. जेवणावर मीठ आणि मिरची बेसुमार घ्यायचा. स्टोव्हचं घासलेट सांडलं त्यावर पाय देऊन गेला. पण विचारायचा धीर होत नव्हता.

रविवार आला. लुईस आपणहून म्हणाला, "बसायचं ना?" तिनं चादर वाळत घातली. आता दारूबंदी सैल झाली होती, त्याची फारशी गरज नव्हती, पण घातली. मग आत जाऊन तिनं दोन ग्लास भरले. कपाटातली आठ वर्षांची बाटली तिच्या हातात होती. ती तिनं परत ठेवली आणि दोन्ही ग्लासांत नव्या बाटलीतलीच व्हिस्की ओतली.

"एक आठ, एक बारा," ती बाहेर येऊन म्हणाली. "ओळख बघू."

लुईसनं दोन्ही ग्लास उजेडात धरले. नाकाशी नेले, तोंड थोडं उघडं ठेवून, पूर्वीसारखंच. बराच वेळ लावला.

"डावीकडची बारा," तो म्हणाला. "मध. जुन्या कपाटाचं लाकूड. आणि ही आठ. कापलेलं गवत, हिरव्या पेरूची साल."

सगळे तिचेच शब्द होते. इतक्या वर्षांनंतर त्यानं ते जसेच्या तसे जपून ठेवले होते. तो तिच्याकडे टक लावून बघत होता.

"बरोबर," रोझमेरी म्हणाली.

त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही ग्लास एकामागून एक रिकामे केले.

त्यानंतर वर्षभर दर रविवारी त्यांचं हे चाललं. ती ग्लास भरायची, तो तिचे जुने शब्द तिला परत द्यायचा, ती 'बरोबर' म्हणायची. भांडण एकदाही झालं नाही. रोझमेरीला वाटायचं, हा ग्लासगोला होता तेव्हा निदान मी मनातल्या मनात याच्याशी भांडत तरी होते.

पुढच्या वर्षी वालाच्या शेंगांच्या दिवसांत एका दुपारी दोघं पडवीत शेंगा सोलत बसली होती. लुईस एकदम म्हणाला, "त्या पहिल्या रविवारी दोन्ही ग्लासांत एकच होती ना?"

रोझमेरीचा हात थांबला.

"नाकाला कळत नाही गं मला," तो म्हणाला. "पडलो तेव्हापासून काहीच नाही. फूल नाही, मासळी नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आलं नाही. म्हणून तर घरी येत नव्हतो. पण डोळे शाबूत आहेत. आठ वर्षांची फिकट असते. दोन्ही ग्लासांचा रंग एकच होता."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"मुद्दामच चुकीचं सांगितलं. वाटलं, तू म्हणशील, लुईस, खोटं बोलतोस. चिडशील, भांडशील, मग सगळं सांगून टाकीन. तर तू म्हणालीस, बरोबर." तो शेंगेची शीर ओढत राहिला. "मग सांगायचं कसं?"

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"हां," तो म्हणाला. "मलापण तेच वाटलं, तुला वाईट वाटेल."

मग त्यांनी एक करून पाहिलं. तिनं वास घ्यायचा आणि त्याला सांगायचं. दोन-तीन रविवार तिनं जीव ओतून सांगितलं. लुईस ऐकायचा, मान डोलवायचा आणि थोड्या वेळानं विहिरीकडे बघत बसायचा. एकदा तो हळूच म्हणाला, "पुरे रोझी. आंधळ्याला चित्र सांगतेयस तू." ती उठली, ग्लास धुतले, पुसले आणि फडक्यात गुंडाळून ठेवले. त्यानंतर रविवारी दोघं जेवून आपापल्या खाटेवर पडायची.

लुईस पुढे रोज सकाळी बसनं वर्सोव्याला जाऊ लागला. मढला जाणारी तर, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, सुटते त्या धक्क्यावर तो बसायचा आणि जेवायच्या वेळेला परत यायचा. काय केलंस म्हणून तिनं विचारलं तर म्हणायचा, "काही नाही. बोटी बघितल्या." सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका पहाटे तो झोपेतच गेला. मयताला सगळं गावठाण लोटलं. ओटीवर जो तो त्याच्या गमती सांगत होता आणि रोझमेरी चहाचे कप फिरवत होती.

महिन्याच्या मिस्सेनंतर एका रविवारी ती वर्सोव्याला गेली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. वाटेत दोरीवर बोंबील वाळत होते. धक्क्यावर ती तर चालवणारा गुणाजी कोळी दोर सोडवत होता. तिनं आपलं नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला.

"लुईसची बहीण काय तू? बस बाय, बस. लय भला माणूस. रोज इथं बसायचा."

"काय करायचा इथे?"

"काय नाय. येनाऱ्या-जानाऱ्याला इचारायचा, आज कसला वास येतोय सांग. कोलनींना इचारायचा, पोरांना, मला पन. रोज! आमी हसायचो."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"काय सांगनार बाय? मासलीचा, म्हनायचो." गुणाजीनं डोकं खाजवलं. "तर तो म्हनायचा, नाय नाय, नीट सांग, मासलीच्या मागं काय येतंय ते सांग. आता मासलीच्या मागं काय असनार?"

भरती चढत होती. तरीत चार-पाच माणसं बसली होती, एक बाई टोपली मांडीवर घेऊन.

"येतेस काय पलीकडं?" गुणाजीनं विचारलं.

मढला तिचं कुणी नव्हतं. तरी ती उतरून होडीत बसली, पलीकडे गेली, वाळूत डोळे मिटून वास घेत थोडा वेळ उभी राहिली आणि पुढच्या फेरीनं परत आली.