भागीबाईचा राब

डोळखांबच्या वरच्या पाड्यातल्या भागीबाईला दमा होता, पण घराला दम्यापेक्षा तिच्या हट्टाने जास्त छळलं. त्यातही सुनेला, सारिकाला.

उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी जमिनीचा तुकडा भाजतात. शेण, टहाळ, पाला यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. हाच राब. तो आपल्यासारखा कुणाला रचता येत नाही, अशी भागीबाईची ठाम समजूत. सुनेला ती काटकीलाही हात लावू देत नसे.

शहापूरच्या डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. निळा अडचणीला, आवळलेली श्वासनळी सैल करायला. तपकिरी रोजचा. "दम लागत नसतो तेव्हाही नळीला आतून सूज असते," ते म्हणाले. "ती उतरवली नाही, तर थोडा धूरसुद्धा पुरतो. नळी आवळते, कफ दाटतो, आत घेतलेली हवा बाहेर पडत नाही."

भागीबाईने मान डोलावली आणि घरी येऊन तपकिरी पंप बियाण्याशेजारी जपून ठेवला.

"दम नाय तर दवा कशाला फुकट घालवू? राबाच्या दिवसाला राखलाय."

सारिकाने कपाळावर हात मारला. सांगून सांगून तिचा घसा सुकला, पण म्हातारी ढिम्म.

२००३च्या एप्रिलात राब पेटला आणि वारा फिरला. भागीबाईने तो राखलेला पंप काढून भराभर ओढला. इतक्या दिवसांची सूज एका दुपारी कशी उतरणार? छातीत शिट्टी वाजू लागली, मानेच्या शिरा ताठल्या. निळा पंप दिला, पण औषध आत ओढण्याइतकाही श्वास तिला घेता येईना. मग शिट्टी अचानक थांबली.

"बघ, आवाज थांबला," शेजारची हिराबाई म्हणाली. "आता वाटंल बरं."

सारिकालाही हायसं वाटलं. तेवढ्यात तिला सासूचे ओठ दिसले, जांभळे पडलेले. छाती वरखाली होत होती आणि हवा आतबाहेर होतच नव्हती. शिट्टी वाजायलाही वारा लागतो! सारिकाने ओरडून रस्त्यावरची जीप थांबवली आणि शहापूरपर्यंत ती सासूला शिव्या देत रडत राहिली.

ऑक्सिजन, वाफ, सलाइन असं सगळं झाल्यावर भागीबाईला बोलता यायला लागलं. पहिला प्रश्न काय?

"राब... नीट जळला... का गो?"

"मेला तुमचा राब! तुमी मेल्या असत्या ना!"

"मग... रचंल कोण? तुला... येतं?"

"शिकवलं कधी तुमी?"



तेव्हापासून रोज सकाळी सारिका समोर उभी राहून तपकिरी पंप ओढायला लावू लागली. पुढच्या उन्हाळ्यात तिने भांडून सासूला धसईला भावाकडे पाठवलं आणि राब स्वतः रचला. अर्धा जळला, अर्धा धुमसून विझला.

भागीबाई परतली ती थेट शेतावर. बांधावर उभी राहून सुरू झाली. शेण कमी घातलं, माती जाड टाकली, वाऱ्याच्या तोंडाला पेटवला, आता रोपापेक्षा गवतच जास्त येणार, आईने काय शिकवलं का नाय!

सारिकाला संताप आला. एवढं राबून हे ऐकायचं? उलट उत्तर ओठांवर आलं होतं, तरी तिने सासूला अडवलं नाही. न थांबता, धाप न लागता ही बाई इतकं बोलू शकते, हे लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच ऐकत होती.