वाणाचं खत

सुनेने वाढदिवसाला मला गांडूळखताची पिशवी दिली. बाल्कनीत ती उघडली, आणि त्या ओल्या वासाने दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधली एक संक्रांत आठवली.

हळदीकुंकवाला सगळ्या जणी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या द्यायच्या. बायकांच्या कुंड्यांना उपयोगी पडेल म्हणून मी घरी केलेलं खत कागदी पुड्यांत बांधलं होतं. थंडीमुळे खोलीत हीटर लावलेला. त्या उष्णतेने गांडुळं पुड्यांतून बाहेर आली आणि तिळगुळाच्या ताटाकडे निघाली.

"अगं बाई, वाण चालायला लागलं!" कुणीतरी ओरडलं. साड्या आवरत सगळ्या हसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन कडी लावून घेतली.

शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. त्यांना गुलाबांचं भारी वेड.

"अगं, माझी पुडी कुठाय? मला तर दोन हव्यात. बाहेर ये ना!"

मी कडी काढली नाही. थोड्या वेळाने त्या गेल्या.

पुढच्या वर्षी मीही वाट्याच दिल्या.

इतकी वर्षं मला त्या गांडुळांची लाज वाटायची. आज वाटली ती त्या कडीची. संक्रांतीला घरी आलेल्या सवाष्णीने तोंडाने वाण मागितलं, आणि मी तिला रिकाम्या हाताने पाठवलं.