अक्का आणि उचगावची गाडी

"रिक्षा? पावण्यांचं पाय मोडल्यात व्हय?" असं म्हणत शेजारच्या अक्का चपला पायात सरकवायच्या. चर्चा संपली. गल्लीत कुणाकडंही पाहुणे आले की त्यांना सिटी बसनं कोल्हापूर दाखवायचं काम अक्कांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. नव्वदच्या सुमारास तुम्ही आमच्याकडं आला असता, तर तुमचीही सुटका नव्हती.

बसमध्ये चढल्या चढल्या त्या खिडकीपाशी बसलेल्याला उठवायच्या. "ऊठ की रं, पावणं हायती. तुला रोजच दिसतंय." माणसं मुकाट उठायची. आवाजच तसा होता. अक्का घरात कुजबुजल्या तरी गल्लीच्या टोकाला कळायचं.

एकदा ताईला बघायला पुण्याहून मुलाच्या आई आल्या. पसंती की नापसंती, काही कळू देईनात. निम्मे पोहे बशीत तसेच ठेवून म्हणाल्या, "रंकाळा बघावा म्हणते." बाबा रिक्षा आणायला उठले, तोवर अक्का दारात हजर. आईनं मला डोळ्यांनीच खुणावलं, बरोबर जा.

त्या दिवशी खिडकीतला गडी काही केल्या उठेना. त्या वादावादीत बसची पाटी कुणीच वाचली नाही. गर्दीतून तिकिटं फाडत कंडक्टर आमच्यापर्यंत आला, तेव्हा बाहेर ऊस दिसायला लागला होता.

"रंकाळा? मावशी, ही उचगावची गाडी हाय."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय?" अक्का त्याच्यावरच उखडल्या.

उचगावात उतरून आम्ही परतीच्या गाडीची वाट बघत झाडाखाली उभे राहिलो. ताईचं लग्न मोडलं, असंच मी धरून चाललो होतो. अक्कांनी पदरानं तोंड पुसलं.

"पावणं, चुकलो बघा. माझा राग पोरीवर काढू नका."

त्या बाई एकदम हसायलाच लागल्या. "मी नवी नवरी होते ना, तेव्हा पुण्यात अशीच चुकीच्या बसमध्ये बसले. शेवटच्या स्टॉपपर्यंत रडत गेले. त्यानंतर सासूबाईंनी मला एकटीला बाहेर सोडलंच नाही."

"मग आमच्या पोरीला सोडणार का न्हाय?"

मी डोळे मिटून घेतले. इतकं थेट विचारायची आमच्या बाबांची काय बिशाद!

बाईंनी गाडी येतेय का ते वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "सोडीन की."

पुण्याच्या बाईंच्या तोंडून आमचा कोल्हापुरी 'की' ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी होकार आला. लग्नानंतर सासूबाईंनी स्वतः ताईला बसचा पास काढून दिला. म्हणाल्या, "चुकलीस तर फोन कर. रडू नकोस."

पुढं काही वर्षांनी अक्कांचे गुडघे गेले. मुरगूडला राहणारा त्यांचा मुलगा त्यांना कायमचं न्यायला मोटार घेऊन आला. सगळी गल्ली दारात जमली. मोटारीची काच खाली कशी करतात, ते अक्कांना उमगेना. आतून त्या हातवारे करून काहीतरी सांगत होत्या आणि आम्ही बाहेरून "काय? काय?" करत होतो. गाडी वळली, तेव्हाही काचेमागं त्यांचं तोंड चालूच होतं.