काळे मोहरे गोदावरीकाकूंचे

गोदावरीकाकूंनी पांढऱ्या मोहऱ्यांनी डाव असा कधी खेळलाच नाही. बोर्ली पंचतनच्या त्यांच्या घरी रीतच तशी: वयाने मोठा, त्याचे पांढरे. काकू बुद्धिबळ शिकल्या त्या अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांकडून. दुपारी सुपारी सोलून झाली की पट मांडायचा आणि मामंजींचे मोहरेही आपणच हलवायचे. मामंजी दरवेळी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवायला सांगत. आठ वर्षं काकू जपून खेळल्या आणि आठ वर्षं हरल्या. मग एक दिवस म्हणाल्या, "हरायचंच आहे, तर घाबरत कशाला?" आणि दुसऱ्याच खेळीला राजापुढचं प्यादं बेधडक मारायला दिलं. त्या दिवशी मामंजी पहिल्यांदा विचारात पडले.

पुतण्या सुयशने मोबाइलवर शोधून सांगितलं, "काकू, प्यादं द्यायच्या या चालीला बुडापेस्ट म्हणतात."

"म्हणोत बापडे. मी नाही कुणाला विचारलं."

यंदा माघी गणपतीच्या बुद्धिबळ स्पर्धेत काकूंनी नाव दिलं. बायकांत पहिलंच. मंडळाचे अध्यक्ष यज्ञेश्वरभाऊ, निवृत्त हेडमास्तर, सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, पहिला डाव माझ्याशी. हरलात तर पुन्हा बायकांची नावं घ्यायची नाहीत. कबूल?"

"कबूल. जिंकले तर पुढच्या वर्षीची आत्ताच लिहायची."

भाऊ मोठे, पांढरे त्यांचे. वजिराचं प्यादं दोन घरं. काकूंनी लगेच आपलं प्यादं देऊन टाकलं.

"वहिनी, हे काय हळदीकुंकवाचं वाण आहे, वाटत सुटायला?" मंडप हसला. काकू नाही हसल्या.

थोड्या वेळाने भाऊंनी कडेचं प्यादं सरकवून काकूंच्या उंटाला धमकावलं. काकूंनी उंट हलवलाच नाही. घोड्याने गेलेल्या प्याद्याची भरपाई करून घेतली. भाऊंना वाटलं, बाई विसरली.

"बरोबरी घ्या. मान राहील."

"मान आहे माझा जागेवर. तुम्ही खेळा."

भाऊंनी उंट मारला. काकूंनी तोच घोडा उचलून राजाला शह दिला. राजा आपल्याच माणसांत कोंडलेला. घोड्याला मारू शकेल असं एकच प्यादं. ते हललं, तर काकूंचा वजीर थेट राजावर.

"मात, भाऊजी."

"चुकून झालं हे. परत मांडा, मी काळे घेतो."

"रीत मोडू नका. नावं लिहा." काकू दाराशी उभ्या बायकांकडे वळल्या. "कल्पिता, सोनाबाई, पुढे या गं."

"मला कुठं येतंय खेळायला? घोडा कसा चालतो तेबी म्हाईत न्हाय," सोनाबाई म्हणाली.

भाऊंचं पेन थांबलं.

"लिहा हो," काकू म्हणाल्या. "पुढच्या माघापर्यंत येईल तिला."